परीक्षेचं नाटक आणि पोलिसांची गाडी: कॅम्पसवरचा सेन्सॉर नेमका कुठे बसतो?

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना इथे थोडं वेगळं वाटेल. बोलताना जिथे अडखळलो तिथे लिहिताना सरळ केलंय, आणि मागे भुंकणारा कुत्रा काढून टाकलाय. शिरगावात रात्री अकराला रेकॉर्डिंगला बसलं की लोकांना वाटतं समुद्राची गाज ऐकू येत असेल. नाही हो. कुत्रे.

तर या एपिसोडची सुरुवात एका व्हॉइस नोटने झाली. बोईसरची एक मुलगी, सेकंड इयरला आहे. म्हणाली, "दादा, गॅदरिंगला वीस मिनिटांचं नाटुकलं बसवतोय. खाडीच्या पाण्यावर आहे, एमआयडीसीतून येणाऱ्या सांडपाण्यावर. त्यात एक नेता आहे, तो दर वेळी येऊन पाणी पिऊन दाखवतो आणि दर वेळी बाटली घरून आणतो. सरांनी स्क्रिप्ट वाचलं, हसले, आणि म्हणाले हे नको. कारण विचारलं तर म्हणाले, उगाच कशाला. हे सेन्सॉरशिप आहे का? की आम्हीच जास्त विचार करतोय?"

मी तिला म्हटलं, उत्तर एका ओळीत देता येणार नाही, एपिसोडच करतो. झाला पन्नास मिनिटांचा. त्याचा हा लेखी भाग.

आधी पुण्याची गोष्ट, कारण महाराष्ट्रातल्या कॅम्पसवर अलीकडे घडलेलं सगळ्यात मोठं प्रकरण तेच. २ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार संध्याकाळ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं ललित कला केंद्र. इथे नाटक, संगीत, नृत्य शिकवतात, आणि परीक्षा म्हणजे पेपर नाही, प्रयोग. त्या संध्याकाळी विद्यार्थ्यांनी 'जब वी मेट' नावाचं नाटक सादर केलं. विषय होता रामलीला करणाऱ्या नटमंडळींची पडद्यामागची बडबड. म्हणजे राम, सीता रंगमंचावर नाहीत, त्यांची कामं करणारी माणसं विंगेत आहेत, आणि ती आपसात भांडतायत, चेष्टा करतायत. सीतेचं काम करणारा नट सिगारेट ओढतो, तोंडी शिव्या आहेत, हा तक्रारीतला मुख्य आक्षेप होता. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे कार्यकर्ते प्रेक्षकांत होते, त्यांनी प्रयोग बंद पाडला, धक्काबुक्की झाली. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. कोणावर? विभागप्रमुख डॉ. प्रवीण भोळे आणि पाच विद्यार्थ्यांवर. त्यांना अटक झाली, मग जामीन मिळाला. दरम्यान केंद्राच्या इमारतीची तोडफोडही झाली. विद्यापीठाने चौकशीला समिती नेमली.

इथे एक मिनिट थांबा आणि फक्त घटनाक्रम बघा. परीक्षेला बसलेला विद्यार्थी संध्याकाळी मेकअपमध्ये असतो आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या ताब्यात. मला नाटक आवडलं असतं की नाही, माहीत नाही. कदाचित शिव्या जास्त आहेत म्हणून कंटाळलो असतो. पण 'मार्क कमी द्या' आणि 'आत टाका' यामध्ये किती अंतर आहे!

नाटकातल्या देवाची चेष्टा ही आपल्याकडे नवी गोष्ट असती तर धक्का बसला हे समजू शकलो असतो. पण तमाशातली गौळण आठवा. कृष्ण वाट अडवतो, मावशी म्हणून पुरुषच लुगडं नेसून उभा असतो, पेंद्या बोबडं बोलतो, आणि मावशी त्या कृष्णाला जे काय सुनावते त्यावर अख्खा गाव हसतो. गणपतीचा गण आधी भक्तिभावाने होतो, चेष्टा त्यानंतर पाच मिनिटांत सुरू. कोकणातल्या दशावतारात संकासुर लोकांना खो खो हसवतो. आपल्या पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे लावून रात्रभर नाचतात. मुखवटा चढवणारा माणूस गावातलाच असतो, काल त्याच्याशी उसाच्या रसावरून भांडण झालेलं असतं. मुखवटा चढला की देव, उतरला की शेजारी. त्या पोरांच्या नाटकाचा विषय याच सांध्यावर होता.

आता कायद्याकडे. लावलेलं मुख्य कलम होतं भारतीय दंड संहितेचं २९५अ. हे कलम १९२७ मध्ये आलं, इंग्रजांच्या काळात. लाहोरला एका पुस्तकावरून मोठा वाद झाला होता, हायकोर्टाने प्रकाशक राजपाल यांना सोडलं कारण तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं, आणि त्यानंतर हे कलम घालण्यात आलं. राजपाल यांचा १९२९ मध्ये खून झाला. म्हणजे कलमाचा जन्मच दंगलीच्या भीतीतून. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, तिथे याचा नंबर २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

यातले दोन शब्द महत्त्वाचे आहेत: जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने. दोन्ही लागतात. भावना दुखावल्या एवढं पुरत नाही. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्येच सांगितलं की हे कलम टिकतं ते याच अटीमुळे. चुकून, निष्काळजीपणे, विनोदाच्या भरात झालेला अपमान यात येत नाही.

मग कोणी ठरवायचं की अपमान झाला? इथे मला एक गोष्ट फार आवडते. यासाठी आजही जी मोजपट्टी वापरतात ती नागपूरची आहे. १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी एका खटल्यात सांगितलं की शब्दांचा परिणाम मोजताना समजूतदार, खंबीर मनाचा, धीट माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो असा डळमळीत मनाचा माणूस नाही. १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'तमस' मालिका बंद करा अशी याचिका आली, तेव्हा मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहिली आणि याचिका फेटाळली. सुप्रीम कोर्टातही तीच नागपूरची पट्टी लागली. आणि २८ मार्च २०२५ ला, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या व्हिडिओतल्या एका कवितेवरून गुजरातमध्ये झालेला गुन्हा सुप्रीम कोर्टाने रद्द केला, त्या निकालातही तीच. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक आपले ठाण्याचे, वकिलीची सुरुवात ठाणे कोर्टातली.

"मग एवढं सगळं बाजूने असताना पोरांना अटक कशी होते?" हा प्रश्न एपिसोडनंतर सगळ्यात जास्त आला, म्हणून नीट लिहितो.

हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि जामीन कोर्टातून घ्यावा लागतो. आता गंमत बघा. २९५अ चा खटला कोर्टाने दखल घेऊन चालवायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. का? तर असे खटले कुणीही उठून कुणावरही टाकू नयेत म्हणून. पण ही चाळणी लावलीय ती खटल्याच्या दारात. अटक त्याच्या खूप आधी होते. आमच्या भाषेत सांगायचं तर तपासणी लावलीय, पण प्रोडक्शनला गेल्यानंतर. तुम्ही दोन वर्षांनी सुटाल, मंजुरी मिळणारही नाही कदाचित, पण कोठडीतली रात्र, घरच्यांची धावपळ, वकिलाची फी, कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमधला तो एक रकाना, हे सगळं पहिल्याच आठवड्यात झालेलं असतं.

आणि जमावाचं काय? १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका तामिळ सिनेमाच्या खटल्यात, एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम, स्पष्ट सांगितलंय की निदर्शनं होतील, दंगा होईल अशी धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, उलट संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे आणि 'आम्हाला गर्दी आवरत नाही' ही सबब चालणार नाही. कागदावर हे इतकं स्वच्छ आहे की वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात हॉलमध्ये पन्नास माणसं ओरडायला लागली की पोलीस पन्नास माणसांना बाहेर काढत नाहीत, स्टेजवरच्या सहा माणसांना काढतात. सहा माणसं काढणं सोपं आहे.

आता मुंबईकडे. आयआयटी बॉम्बे, ३१ मार्च २०२४, म्हणजे पुण्याच्या प्रकरणाला दोन महिनेही झाले नव्हते. तिथल्या परफॉर्मिंग आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये 'राहोवन' नावाचं नाटक झालं, रामायणावर बेतलेलं. काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली, नाटकाच्या क्लिप सोशल मीडियावर फिरल्या. इथे पोलीस नाहीत, एफआयआर नाही. शिस्तपालन समिती बसली आणि जूनमध्ये दंड ठोठावला: पास होऊन निघालेल्या सीनियर मुलांना प्रत्येकी १ लाख २० हजार रुपये, ज्युनिअरना ४० हजार. १ लाख २० हजार म्हणजे जवळपास एका सेमिस्टरच्या फीएवढी रक्कम. ज्युनिअरना हॉस्टेलच्या सोयीही बंद.

मला विचाराल तर हा प्रकार पुण्यापेक्षा जास्त विचार करायला लावणारा आहे. पुण्यात निदान सगळं दिसलं, पेपरात आलं, कोर्ट होतं. इथे कोर्ट नाही, दुष्ट हेतू सिद्ध करायची गरज नाही, नागपूरची पट्टी नाही. कॉलेज ही अशी जागा आहे की तिथे तुमची डिग्री, हॉस्टेल, प्लेसमेंट आणि कॅरेक्टर सर्टिफिकेट एकाच टेबलावर असतं. त्या टेबलामागचा माणूस 'नको' म्हणाला की वाद घालायला जीभ उचलत नाही. मी बीटेक केलंय, तो टेबल मला चांगला माहीत आहे.

क्लिपचं पण बोलू, कारण ते माझ्या धंद्याशी जवळचं आहे. तासाभराच्या नाटकात चाळीस सेकंद असे असतातच की वेगळे काढले तर काहीही वाटावं. व्हिलनचा संवाद कापा, तो लेखकाचा संवाद होतो. फीडला संदर्भ कळत नाही. लोक कुठे थांबतात, कुठे चिडून कमेंट करतात, कुठे शेअर करतात एवढंच त्याला दिसतं आणि चिडलेला माणूस जास्त वेळ थांबतो. त्यामुळे हॉलमध्ये पाहिलेल्या तीनशे लोकांपेक्षा न पाहिलेले तीन लाख लोक नाटकाचा निकाल लावतात. पूर्वी नाटक बंद पाडायला निदान तिकीट काढून आत यावं लागायचं.

पूर्वीचं निघालंच आहे तर. महाराष्ट्रात नाटकाला आधीच परवानगी लागते, ही गोष्ट माझ्या ऑफिसातल्या परप्रांतीय मित्रांना खोटी वाटते. सिनेमाला सेन्सॉर ठीक, पण नाटकाला? हो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, संहिता तिथे पाठवायची, प्रमाणपत्र घ्यायचं. याचं मूळ आहे पोलीस कायद्यात, १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खालच्या नियमांत. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये याला मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. त्याही मागे जायचं तर १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा, ज्याच्या काळात खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली, कारण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसत होता. तो १८७६ चा कायदा अगदी परवा-परवापर्यंत पुस्तकात होता.

सत्तरच्या दशकातला 'गिधाडे'चा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. तेंडुलकरांचं नाटक, श्रीराम लागूंचा प्रयोग. एका पात्राच्या लुगड्यावर लाल डाग दिसतो, गर्भपात दाखवणारा. सेन्सॉर म्हणालं लाल डाग नको. मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी घोषणा केली की सेन्सॉरच्या सूचनेवरून लाल डाग निळा केलाय, प्रेक्षकांनी तो लालच समजावा. मला यात त्या काळाचा हेवा वाटतो. आज घोषणा केली तर घोषणेचीच क्लिप होईल.

कुणाला वाटेल मी एकाच बाजूचं बोलतोय. नाही. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' १९९८ मध्ये राज्य सरकारने बंद केलं होतं, ते हायकोर्टातून सुटलं. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' कादंबरी बीएच्या अभ्यासक्रमातून तातडीने काढली, कारण शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेला त्यातला मजकूर खटकला. तेव्हा राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं, कुलगुरू राजन वेळूकर होते. नथुराम मला बिलकूल पटत नाही, तरी ते नाटक बंद करणं चूक होतं असं माझं मत आहे. झेंडा बदलतो, पद्धत तीच.

आता घरची गोष्ट. पालघरच्या श्रोत्यांना मी कुठे येणार ते कळलं असेल.

नोव्हेंबर २०१२. मी दहावीत. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले. १८ ला रविवारी मुंबई बंद, आमच्याकडे पालघरला बंद, शिरगावच्या नाक्यावर चहाची टपरीसुद्धा बंद. त्या दिवशी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की अशी माणसं रोज जन्मतात-मरतात, त्यासाठी बंद कशाला, अशा अर्थाचं. दुसरीने ते लाईक केलं. जमावाने पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली. दोघींना अटक झाली. आणि गंमत, म्हणजे गंमत नाहीच, पोलिसांनी सुरुवातीला जे कलम लावलं होतं ते हेच २९५अ. धर्माचा अपमान! धर्म कुठला, हे आजपर्यंत मला कुणी सांगू शकलेलं नाही. नंतर ते बदलून ५०५(२) केलं, सोबत आयटी कायद्याचं ६६अ. देशभर ओरड झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला पुढे बंद झाला. त्याच घटनेमुळे श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ६६अ हे कलमच रद्द झालं. देशातल्या प्रत्येक फोनवरच्या बोलण्याला थोडं मोकळं करणारा निकाल, त्याचं मूळ आपल्या पालघर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

पण मला निकाल आठवत नाही, मला त्या सोमवारची संध्याकाळ आठवते. बाबा कामावरून आले, चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "तुझं ते फेसबुक बंद कर." मी म्हटलं मी काही लिहिलंच नाही. "लाईक केलंयस का कुठे?" दादाच्या फोनवर बसून मी शेवटचे दोन महिने माझे लाईक तपासले. क्रिकेट, बाईक, एका पोरीचा फोटो. तरी अकाउंट बंद केलं.

त्याचा परिणाम किती खोल जातो ते पाच वर्षांनी कळलं. कॉलेजला थर्ड इयरमध्ये आम्ही गॅदरिंगसाठी एक स्किट लिहिलं होतं. एक मंत्री एकाच रस्त्याचं तीनदा उद्घाटन करतो. सर म्हणाले, मंत्री नको, वातावरण बरं नाही. मग आम्ही मंत्र्याचा आमदार केला. तेही नको. आमदाराचा सरपंच केला. मग आमच्यातलाच एक म्हणाला की प्रेक्षकांत कुणाचे काका सरपंच असतील तर? शेवटी तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला आणि रस्त्याच्या जागी लिफ्ट आली. सोसायटीचा सेक्रेटरी एकाच लिफ्टचं तीनदा उद्घाटन करतो. कुणी हसलं नाही. सर वाईट नव्हते हो, त्यांनी फक्त पहिला बदल सांगितला होता. उरलेले आम्ही स्वतः केले. कुठलंही मंडळ नाही, कलम नाही, जमाव नाही. बाबांचा चप्पल न काढता आलेला आवाज पुरेसा होता.

तर बोईसरच्या ताई, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. सरांनी 'स्क्रिप्ट लांबलंय', 'विनोद जमत नाही' म्हटलं असतं तर ते शिकवणं झालं असतं. 'उगाच कशाला' हे सेन्सॉरच आहे, फक्त सौम्य आवाजातलं. सरांवर राग धरू नकोस. तुझ्या पुढच्या मेसेजमध्ये तू म्हणालीस की गॅदरिंगचा बॅनर एका कंपनीने दिलाय, म्हणजे सरांच्या डोक्यावरही कुणीतरी आहे. पण 'नको' हे लेखी माग, नम्रपणे, कारणासकट. बरेचदा कारण लिहायची वेळ आली की 'नको'चं 'बघू' होतं.

करायचं ठरलं तर संहितेची पूर्ण प्रत तारखेसह ठेव. पूर्ण प्रयोग एका जागेवरून, न कापता रेकॉर्ड कर, म्हणजे कुणी चाळीस सेकंद फिरवले तर तुझ्याकडे वीस मिनिटं असतील. आणि पोलिसांचा विषय निघालाच, तर दोन गोष्टी लक्षात असू देत. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत एफआयआरआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि प्रतापगढी निकालात कोर्टाने म्हटलंय की ती करणंच योग्य. सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नसते, आधी नोटीस देऊन बोलावता येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ पासून सांगून ठेवलंय. वकील मोफत मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. लागू नये, पण सेव्ह कर.

हा भाग लिहून झाल्यावर तिची परत नोट आली. कॉलेजने शेवटी नाहीच म्हटलं, लेखी दिलं नाही. पोरं आता ते नाटुकलं एका मित्राच्या गावच्या जत्रेत करणार आहेत, भजनी मंडळाच्या आधीची वीस मिनिटं मिळालीत. नेता नेताच ठेवलाय. बाटलीचा प्रश्न आहे, रिकामी की भरलेली, यावर तालमीत भांडण चालू आहे. माझं मत भरलेली.